पंचवीस थेंब

वायसर गेला असेल, दुसरं काय असणार.

मोरीतला तो नळ पितळी आहे. अब्बांनी जुन्या घरातून काढून या फ्लॅटमध्ये बसवलेला. असला नळ आतली रबराची चकती झिजली की गळतो, आणि ती चकती, म्हणजे वायसर, बदलायला मला सात मिनिटं लागतात. ही बढाई नाही. न्हावा शेवाच्या बाजूला एका कंटेनर यार्डात पाण्याचं सगळं माझ्याकडे असतं. दोन टाक्या, अकरा पंप, एकशे चाळीस नळ. नळ गळताना ऐकला की माझा हात आधी डायरीकडे जातो. थेंब मोजायचे, मग पाना उचलायचा.

रविवारी दुपारी घरी आलो, बॅग ठेवली आणि मोरीच्या उंबऱ्यावर बसलो.

टप टप टप.

थांबला. परत तीन. थांबला. परत तीन. असं काही वेळ चाललं आणि मग पूर्ण बंद. डायरीत लिहिलं: *रवि., १२.५२, थेंब २५, मग शून्य.*

खराब वायसर असा गळत नाही. तो गळायला लागला की गळतच राहतो.

"अम्मी, हा नळ कधीपासून गळतोय?"

"गळतो कुठं?" अम्मी आतून म्हणाली. "माझ्या कानाला नाय आला. आल्या आल्या नळाशीच बोलणार हायस काय? आईशी बोल."

मुबीना भाभी गॅससमोर उभी होती. तिने गॅस बारीक केला, जसा आपण काहीतरी ऐकायचं असलं की करतो.

*

कोण कोण आहे ते आत्ताच सांगून टाकतो, नंतर मला वेळ मिळणार नाही.

घरात अम्मी, म्हणजे हुस्नबानो, वय एकोणसत्तर. आणि मुबीना, माझ्या मोठ्या भावाची बायको. भाऊ शाहीद. जहाजावर फिटर होता. साडेचार वर्षांपूर्वी एका सकाळी त्याचा बिछाना रिकामा सापडला. जहाज किनाऱ्यापासून दोन दिवस लांब होतं. शोधलं. नाही सापडला. मय्यतही नाही.

बेपत्ता माणसाच्या बायकोला विधवाही म्हणता येत नाही. काझीसाहेबांनी तिला चार वर्षं थांबायला सांगितलं. ती थांबली. मग त्यांनी शाहीदला मृत धरलं आणि तिची इद्दत सुरू झाली, नवरा गेलेल्या बाईने पाळायचे चार महिने दहा दिवस. तेवढे दिवस घरात परका पुरुष नको म्हणून मी उरणकडे यार्डाजवळ खोली घेऊन राहिलो. शनिवारी इद्दत संपली. येत्या शुक्रवारी अस्रच्या नमाजनंतर, म्हणजे तिसऱ्या प्रहरी, घरातच निकाह होता.

माझा. मुबीनाशी.

पोरगी घरातच राहावी, असं अम्मीचं म्हणणं. मुबीनाने "ठीक आहे" म्हटलं. मी मान खाली घालून बसलो होतो, सगळ्यांना तो होकार वाटला.

मला ती हवी होती. शाहीद असतानाही. हे वाक्य तीनदा खोडलं. राहू दे आता.

*

*रवि., ४.०४, २५.*
*रवि., ६.३७, २५.*
*रवि., ७.५०, २५.*
*सोम., पहाटे ५.५१, २५.*

*३ ३ ३ ३ ३ ३ १ ३ ३*

ही शेवटची ओळ मी सोमवारी दिवसभर बघत होतो. सहा वेळा तीन. मग एक, एकटाच. मग दोनदा तीन.

वेळा अजानच्या होत्या, ते लगेच कळलं आणि बरंही वाटलं. आमची बिल्डिंग मोहल्ल्यात आहे. अजान झाली की सोळाच्या सोळा घरांत एकदम नळ सुटतात, लाइनचा दाब पडतो, परत चढतो. झिजलेला वायसर अशा वेळी हलणारच. यार्डात जेवणाच्या सुट्टीत हेच होतं.

एकशे चाळीस नळांपैकी एकानेही कधी आकडा पाळला नव्हता, हे मी डायरीत लिहिलं नाही.

*

मंगळवारी आनंदा आला. सुकापूरचा. आमच्या बिल्डिंगचं सगळं प्लंबिंग तोच करतो. मला स्वतः हात लावायचा नव्हता. का, ते मी तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही.

"अरे वा!" दारातूनच तो ओरडला. "नवरदेव घरान बसलाय न नल आनंदानं बगायचा? तुमी तं सोता पानीवाले."

"हाताला मेंदी लागणार आहे माझ्या."

"मेंदी नवरीला लावतात, शेठ."

त्याने नळ खोलला. वायसर काढून माझ्या तळहातावर ठेवला. चकती नवीकोरी होती. कुठे चीर नाही, खाच नाही.

"येला काय झालाय? कुनी बदललाय नुकताच." त्याने आत बोट फिरवलं. "आतली बैठक पन साफ हाय. असला पितल आता मिलत नाय. गलत नाय हो ह्यो, तुमाला भास होतो. लगीन जवल आला का मानसाला कायबी ऐकू येतं."

तरी त्याने नवा वायसर घातला, नळ आवळला आणि चहा पिऊन गेला. तो जिना उतरत होता तेव्हा बारा वाजून एक्कावन्न मिनिटं झाली होती.

मी मोरीत गेलो नाही. दारातच उभं राहून मोजले.

पंचवीस.

*

बुधवारी मी थेंब पकडले. यार्डातलं क्षार मोजायचं यंत्र माझ्या बॅगेत असतं, पेनाएवढं. नळ पूर्ण सोडून पेला भरला, यंत्र बुडवलं: ११२. आपलं नेहमीचं पिण्याजोगं पाणी. मग स्वच्छ पेला ठेवून दुपारची वाट बघितली. पंचवीस थेंबांत पेल्याचा तळही झाकला जात नाही. पेला तिरका धरून यंत्राचं टोक कसंबसं टेकवलं.

आकडा आलाच नाही. नुसती आडवी रेघ. मोजण्याच्या पलीकडचं असलं की हे यंत्र रेघ दाखवतं.

मी बोट बुडवून जिभेला लावलं.

आमच्या खाडीचं पाणी मी लहानपणी पुष्कळ प्यालोय, पोहताना. ते चिखलाच्या चवीचं, मचूळ असतं. हे तसलं नव्हतं. हे खोल पाणी होतं. स्वच्छ आणि कडू खारट.

एकच नळ. सोडला तर गोड, गळला तर खारा. मी डायरी मिटली.

संध्याकाळी अम्मी बेसिनशी खुर्ची ओढून वजू करायला बसली. नमाजआधी हातपाय धुतात ते. मी ईदेपुरता मुसलमान. शाळा सुटल्यापासून रोजची नमाज नाही, त्यामुळे मी अम्मीकडे बघत होतो ते असंच, रिकाम्या नजरेने.

तिने मनगटापर्यंत हात धुतले. तीन वेळा.
चूळ भरली. तीन वेळा.
नाकात पाणी घेतलं. तीन वेळा.

माझा हात डायरीकडे गेला.

चेहरा तीनदा. उजवा हात कोपरापर्यंत तीनदा. डावा तीनदा. मग तिने ओले हात डोक्यावरून फिरवले, आणि मी मोठ्याने म्हणालो, "एक."

"काय एक?" अम्मीने दुसऱ्यांदा हात ओले केले. मग तिसऱ्यांदा. "आपण शाफई. आपल्यात डोक्याला पण तीनदा हाय. एकदा करतात ते दुसऱ्या मसलकवाले, दुसऱ्या पंथाचे." ती हसली. "तुझा भाऊ शिकून आला होता तसं. जहाजावर कुणी बिहारचा दोस्त होता, त्याच्या संगतीनं. किती वेळा टोकला मी त्याला. बोलायचा, अम्मी, एकदा केलं तरी होतं."

मग ती वाकली. उजवा पाय तीनदा. डावा पाय तीनदा.

"अम्मी," मी विचारलं, "मेलेला माणूस वजू करतो का?"

"मुर्दा काय करणार? त्याला दुसरे न्हाऊ घालतात." टॉवेलने पाय पुसता पुसता तिने माझ्याकडे बघितलं. "निकाहच्या तोंडावर असलं काय विचारतंस?"

*

गुरुवारी सकाळी मुबीना गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी बादली वर नेऊन दिली. खाली ट्रकची रांग लागली होती, हॉर्न वाजत होते, त्यामुळे आमचं बोलणं आमच्यातच राहिलं.

"मोजतोस ना तू?" ती म्हणाली.

मी बादलीतला एक पिळा उचलून तिच्या हातात दिला.

"इद्दतच्या पहिल्या दिवसापासून येतंय. पहिल्यांदा मीच वायसर बदलला. दुकानदाराला विचारून, मोबाइलवर बघून." तिने चादर झटकली. "मग दुसऱ्यांदा नाही बदलला."

"लाइनचा दाब असतो, भाभी. अजानला सगळे एकदम…"

"चव बघितलीस?"

"हो."

"मग दाब दाब करू नकोस माझ्यासमोर."

चादरीचं दुसरं टोक मी धरलं. दोघांनी मिळून ती दोरीवर टाकली. आता मध्ये चादर होती, मला तिचे पायच दिसत होते.

"काझीसाहेबांनी सगळं नीट बघून हुकूम दिलाय," ती म्हणाली. "मी त्यांना काय सांगू? नळ गळतो म्हणून? पण तो जिवंत असेल आणि मी दुसऱ्याला कबूल म्हटलं, तर ते कागदावर हलाल असेल. माझ्या आत नाही. तू मला वाईट नाहीस, आदिल. तसं काही समजू नकोस. म्हणून मी ठरवलंय. उद्या अस्रला पाणी आलं नाही, तर तो गेला असं समजेन आणि कबूल म्हणेन. आलं, तर नाही म्हणेन. सगळ्यांसमोर."

"आणि तू ऐकणार कशी? तू बायकांत बसलेली असशील."

"तू ऐक. मला येऊन सांग."

"मी?"

"या घरात थेंब दोघांनाच ऐकू येतात. मी आणि तू. मी नसेन, म्हणजे तूच." चादरीपलीकडचे पाय वळले. "खोटं बोलणार नाहीस, माहिती आहे मला."

*

शुक्रवार.

मी खोटं बोलणार नव्हतो. हे समजून घ्या. मी नळ दुरुस्त करणार होतो.

माणसाने आपल्या घरातला गळका नळ दुरुस्त केला तर तो गुन्हा नाही. अस्रच्या आधी नळ काढायचा, तिथे पितळी बूच आवळायचं, वरून टेप. मग अस्र होईल, पाणी येणार नाही, आणि मी मुबीनाला सांगेन: आलं नाही. ते खरंच असेल.

निकाहच्या दिवशी चुकवता येईना म्हणून जुम्मा, म्हणजे शुक्रवारची नमाज, पढून तीनच्या सुमारास परतलो. बाहेरच्या खोलीत खुर्च्या लागल्या होत्या, मुबीनाचा भाऊ काझीसाहेबांना आणायला गेला होता. आतल्या खोलीत बायका. अत्तराचा आणि बिर्याणीचा वास. मी शेरवानी काढून खुंटीला अडकवली, मोरीचं दार आतून लावलं.

मेन कॉक बंद केला. नळ सोडून बघितला. एक थेंब नाही. लाइन कोरडी.

पाना लावला. नळ हलेना. मंगळवारी आनंदाने एका हाताने खोलला होता. मी दोन्ही हातांनी जोर लावला, पाय भिंतीला टेकवला. तेल सोडलं. थांबलो. परत जोर. पाना सटकून बोटाचं साल निघालं. घड्याळात साडेतीन. पावणेचार. बाहेरून कुणीतरी म्हणालं, "नवरदेव अजून आंघोळच करतोय काय?" आणि हशा झाला.

तीन अठ्ठावन्नला नळ सुटला. माझ्या हातात आला, जड, कोमट. भिंतीत पाइपाचं गोल तोंड उघडं पडलं. मी टॉर्च मारला. आत गंज, कोरडा ठणठणीत.

बुचावर टेप गुंडाळायला घेतली. घामाने टेप बोटांना चिकटत होती.

अजान झाली.

कोरड्या पाइपातून पाणी आलं.

टप. टप. टप.

मी टेप फाडली. नव्याने गुंडाळली. ती उलटी गुंडाळली गेली.

टप. टप. टप.

परत उलगडली. मेन कॉककडे बघितलं. बंद होता.

टप. टप. टप.

चेहरा. मला माहीत होतं आता काय चाललंय. भिंतीपलीकडे कुणीतरी चेहरा धूत होतं.

टप. टप. टप.

उजवा हात. कोपरापर्यंत. शाहीद बाह्या कशा दुमडायचा ते मला आठवलं.

टप. टप. टप.

डावा. बूच तयार झालं. मी ते उचललं.

टप. टप. टप.

आणि मग तो एक.

टप.

मी बूच पाइपात घातलं आणि पान्याने आवळलं. आणखी आवळलं. पितळ कुरकुरेपर्यंत आवळलं. कान भिंतीला लावला. आत काही नव्हतं. कसलाही आवाज नव्हता.

एकोणीस झाले होते.

मी हात पुसले, शेरवानी घातली आणि आतल्या खोलीच्या दारात गेलो. बायका एकमेकींना कोपर मारत बाजूला झाल्या. मुबीनाने ओढणीतून वर बघितलं.

"आलं?"

"नाही," मी म्हणालो.

तिने डोळे मिटले. बराच वेळ मिटून ठेवले. अम्मीला वाटलं ती लाजते आहे.

*

पाच वाजता साक्षीदार तिच्याकडे गेले. मी बाहेरच्या खोलीतून ऐकलं. "कबूल" हा शब्द स्पष्ट होता, जरासा कोरडा. मग माझी वेळ. मीही म्हटलं. खजूर वाटले, गळाभेटी झाल्या. आनंदाही आला होता, नवा शर्ट घालून. माझ्या बोटाला बांधलेली पट्टी बघून म्हणाला, "मेंदी लय लाल चढली, शेठ."

सहाला माणसं पांगली. अम्मी थकून आडवी झाली. मुबीना आणि मी त्या आतल्या खोलीत, पलंगाच्या दोन टोकांना. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट आत येत होतं. तिला काय म्हणून हाक मारायची हे मला सुचत नव्हतं. भाभी म्हणता येत नव्हतं आणि मुबीना अजून तोंडात बसत नव्हतं.

"पाणी देऊ?" तिने विचारलं.

मी मान हलवली, आणि हलवताना काहीतरी माझ्या मनगटावर पडलं.

टप.

मी छताकडे बघितलं. छत कोरडं.

टप.

माझ्या डाव्या डोळ्यातून येत होतं. मला रडू येत नव्हतं. घसा मोकळा होता. श्वास सरळ.

टप.

थांबलं.

मुबीना माझ्याकडे बघत होती. तिने ग्लास खाली ठेवला. ती जवळ आली, माझ्या गुडघ्याशी बसली आणि चेहरा इतका जवळ आणला की मला तिचा श्वास लागला. पण ती माझ्या डोळ्यांत बघत नव्हती. कान देऊन ऐकत होती.

टप. टप. टप.

सहा.

मी वाट बघितली. पुढे काही आलं नाही. डोळा कोरडा झाला, पापणी ताठ वाटली. मला तिला सांगायचं होतं: मोरीत, अजानच्या वेळी, मी. एवढं तरी. तोंड उघडलं. जिभेवर खोल पाण्याची चव होती, आणि शब्द आला नाही.

मुबीनाने ओढणीच्या टोकाने माझं मनगट पुसलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. इतक्या वर्षांत मी तिला असं निवांत कधी पाहिलं नव्हतं.

"पाय झाले," ती हळूच म्हणाली.

उठून तिने कपाट उघडलं. नमाजचा मुसल्ला काढला आणि खिडकीच्या दिशेने अंथरला. मग त्याच्या मागे, हातभर अंतर सोडून, दुसरा. बायको नवऱ्यामागे उभी राहते तसा.

"सूर्य बुडायला, मगरिबला अर्धा तास आहे," ती म्हणाली. "अस्र मिळेल अजून."

मी उठलो नव्हतो. पण मी पुढच्या मुसल्ल्यावर उभा होतो, आणि माझे हात कानांपर्यंत गेले होते.

चार रकात. खाली वाकलो, उठलो, कपाळ टेकलं, उठलो. मागे तिच्या बांगड्या माझ्याबरोबरीने खाली जात होत्या, वर येत होत्या. मला नमाजमधलं पुढचं काही आठवत नव्हतं, म्हणून मी गप्प होतो.

ओठ हलत होते.